बंधाऱ्यावरचा चालू रस्ता

नेव्हिगेशनमधली बाई म्हणाली, सरळ जा. परशरामने ब्रेक दाबला आणि मला विचारलं, "सरळ म्हंजे नदीत?"

आमची गाडी वेदगंगेच्या काठावर उभी होती. मे महिना, ऊन मी म्हणत होतं. डांबरी रस्ता तिथे संपत होता आणि पुढे बंधारा होता. पण डॅशबोर्डच्या पडद्यावर रस्ता संपला नव्हता. निळी रेघ बंधाऱ्यावरून थेट पलीकडच्या गावात गेली होती. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. निपाणीच्या आसपासच्या लोकांना ते कळेल, बाकीच्यांना कळून काही उपयोग नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. नव्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर नकाशा असतो आणि डावीकडे वळा, उजवीकडे वळा असं सांगणारा आवाज असतो. ते सॉफ्टवेअर गाड्यांत जाण्याआधी कोणीतरी खऱ्या रस्त्यांवर फिरून तपासावं लागतं. आमच्या भागातली ती कोणीतरी म्हणजे मी. राहते बेळगावला, खासबागेत. डिप्लोमा सिव्हिलचा, आधी सर्व्हेची कामं करायची. नकाशाची कंपनी पुण्याची होती आणि बेळगावपासून कोगनोळीपर्यंतचा पट्टा तिने मला कॉन्ट्रॅक्टवर दिला होता. परशराम शहापूरचा. गाडी तो चालवायचा, मी शेजारी बसून चुका नोंदवायची. बाई चुकली की तो तिला शिव्या द्यायचा. बरोबर बोलली तर "आज शाणी झालीया" म्हणायचा.

कोल्हापुरी बंधारा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नदीत ओळीने दगडी खांब असतात. खांबांच्या खाचांत लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवतात. त्या फळ्यांना बरगे म्हणतात. खांबांवर स्लॅब असतो, जेमतेम एक गाडी जाईल एवढा. कठडा नसतो. तो स्लॅब बरगे घालणाऱ्या माणसांसाठी असतो. पण आमच्याकडे दोन काठांवर दोन गावं असली आणि मधे बंधारा असला, की लोक त्यालाच पूल मानतात. हायवेवरून वळसा घालायचा म्हणजे अर्धी सकाळ जाते. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढतात. मग पाणी आधी खांबांमधून जातं, नंतर स्लॅबवरून.

पलीकडून एक मोटरसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. आमची गाडी वाटेत आडवी बघून तो माणूस थांबला. पन्नाशीचा असावा, डोक्याला टॉवेल.

"का थांबलासा? जातीय की गाडी. आमच्या गावचं ट्रॅक्टर जातंय."

"तुम्ही रोज जाता?" मी विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ. पल्याडनं दूध गोळा करायचं आन् अल्याड डेअरीत घालायचं." त्याने पडद्याकडे वाकून पाहिलं. "आयला, आमचा बंधारा आला व्हय ह्याच्यात? जावयाला सांगाय पायजे."

हे तानाजी आण्णा. पाचच मिनिटांत त्यांनी आपलं सगळं घर आमच्यासमोर मांडलं. एकच मुलगी, वैशाली. फेब्रुवारीत लग्न झालं, दिली पुण्याला. जावई सागर, कंपनीत नोकरीला, नवी गाडी घेतलेली. तिच्यातही अशीच बोलणारी बाई होती. लग्नानंतर तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याच्या बाईने त्याला हायवेवरून वळसा घालून, उसाच्या फडांतून फिरवत आणलं.

"यंदा पोरीची पयली पंचमी," आण्णा म्हणाले. "मुराळी म्हणून मी आणाय जायाचा. खरं दूध कुणी घालायचं? पोरगा न्हाय मला. जावईच म्हणाला, मामा, तुमी कशाला येतासा, मी घिऊन येतो. त्येच्या गाडीत ही वाट दावली तर बरं हुईल बगा."

आमच्याकडे लग्नानंतरची पहिली नागपंचमी म्हणजे केवढी गोष्ट असते, ते मी वेगळं सांगायला नको. बाप किंवा भाऊ मुराळी होऊन पोरीला आणायला जातो. तो जात नाही तेव्हा त्याला त्याची टोचणी असते, आणि आण्णांना ती होती.

"आणि पंचमीला पाणी असतं ना इथं?" मी म्हटलं.

"असतंय की. चढतंय, उतरतंय. एकसारखं कुठं असतंय?"

"बंद म्हणून टाकलं तर?"

"बंद टाकू नगासा, आक्का." आण्णांचा आवाज एकदम उतरला. "आदीच कुणी येत न्हाय आमच्याकडं. नकाशात बंद दावलं तर गावच बंद झालं म्हनायचं."

आण्णा गेले. परशराम मला म्हणाला, "लिवा काय लिवायचं ते. मी कायबी सांगणार न्हाय." तो एरवी सगळ्याच गोष्टींवर बोलतो.

आमच्या कामात चुकीला तीन दर्जे असतात. मायनर म्हणजे दुकानाचं नाव चुकलं. मेजर म्हणजे वळण चुकलं. क्रिटिकल म्हणजे ही चूक दुरुस्त केल्याशिवाय सॉफ्टवेअर गाडीत जाऊ नये. मी बंधारा क्रिटिकलमध्ये टाकला. संध्याकाळी अभिजित सरांचा फोन आला. ते पुण्याला बसत आणि अख्ख्या प्रॉडक्टचा निकाल त्यांच्या सहीने लागे.

"क्रिटिकल? तिथे आत्ता पाणी आहे का?"

"आत्ता मे आहे, सर."

"म्हणजे रस्ता चालू आहे."

"आत्ता चालू आहे."

"मग टेस्टमध्ये फेल कसा?"

"पावसाळ्यात तो नदीच्या खाली असतो. जून ते सप्टेंबर सरळ बंद करून टाका."

"चारही महिने सलग पाण्याखाली असतो?"

"नाही. चढतं, उतरतं." माझ्या तोंडून आण्णांचेच शब्द आले.

"मग उरलेले दिवस लोकांना उगाच वळसा. तक्रारी येतील. शिवाय तुला माहितेय, आपण कशाला घाबरायचं? सिस्टीम आहे की. कोणी बंद म्हणून रिपोर्ट केलं की बंद होतो. त्याच्यावरून परत गाडी गेलेली दिसली की आपोआप उघडतो. बंद रस्त्यावरून कोण जाईल?"

हे नीट समजून घ्यायला हवं. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. नकाशाच्या कंपनीला कुठला रस्ता चालू आहे हे कसं कळतं? रस्त्यावरून फिरणाऱ्या फोनवरून. फोन हलला की ठिपका हलतो. ठिपका एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला, म्हणजे रस्ता आहे आणि चालू आहे. आता त्या बंधाऱ्यावरून ठिपके कोणाचे जात होते? तिथल्या डेअरीने दूध गोळा करणाऱ्यांना एक ॲप दिलं होतं, दूध कुठवर आलं ते कळावं म्हणून. त्या ॲपच्या आतला नकाशा आमच्याच कंपनीचा. उन्हाळाभर दुधाच्या मोटरसायकली बंधाऱ्यावरून गेल्या, आल्या. कॉम्प्युटरने ते पाहिलं आणि तिथे रस्ता काढला. कोणी माणसाने तो काढला नव्हता.

"सर, दूधवाले पाण्यातूनही जातात," मी म्हटलं.

"पाण्यातून जाता येतंय म्हणजे चालूच आहे ना?"

"त्यांना येतं. ते रोज जातात. पुण्याहून आलेल्या माणसाला स्लॅबची कड कुठे संपते ते पाण्याखाली दिसणार नाही. कठडा नाही. सिस्टीम दूधवाल्याला बघून रस्ता उघडणार आणि चारचाकीला आत घालणार."

"सरकारी नोटिफिकेशन मिळेल का, बंद-चालूचं?"

"बंधारा पाण्याखाली गेला की पेपरात येतं. व्हॉट्सॲपवर फिरतं. गावकरी काठावर बाभळीच्या फांद्या टाकतात."

सर हसले. वाईट माणूस नव्हते ते. उंटावरून शेळ्या हाकायची नोकरी होती त्यांची, आणि शेळ्या देशभर पसरलेल्या. "बाभळीच्या फांद्यांचा डेटा कुठून आणू मी? बरं, एक करू. मेजर करून टाक. तुला मॅन्युअल क्लोजरचा ॲक्सेस देतो. पाणी आलं की तू हाताने बंद कर."

"आणि सिस्टीमने परत उघडला तर?"

"तू परत बंद कर."

"निदान मोटरसायकलला बघून उघडू नये, एवढं तरी करा."

"तो रूल सगळ्या देशाला लागू आहे. एका बंधाऱ्यासाठी बदलता येणार नाही. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू."

मी दोन मेल केले. त्यांत हेच सगळं परत मुद्देसूद मांडलं. दुसऱ्याला 'नोटेड' असं उत्तर आलं. जूनमध्ये ते सॉफ्टवेअर गाड्यांत गेलं. सागरच्या गाडीतही अपडेट होऊन बसलं असणार.

जुलै लागला आणि माझा नवा उद्योग सुरू झाला. निपाणीच्या एका पत्रकाराने मला पावसाच्या ग्रुपवर घेतलं होतं. बंधारा पाण्याखाली गेल्याचा मेसेज आला की मी लॅपटॉप उघडून रस्ता बंद करायची. दुसऱ्या दिवशी दूध गेलं की तो चालू. मी परत बंद करायची. अंगणात वाळवण घातलं आणि कोंबड्या हाकलत बसावं, तसं चाललं होतं. घरचे हसायचे. "आज नदी उघडी का बंद?" असं सासरे सकाळी चहाबरोबर विचारायचे.

एकदा तवंदी घाटाच्या पलीकडे टेस्ट होती, तेव्हा मुद्दाम वाकडी वाट करून बंधाऱ्यावर गेले. पाणी स्लॅबवरून घोटाभर वाहत होतं, गढूळ, वेगात. तानाजी आण्णा मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये घालून, दोन्ही पाय पाण्यात टेकवत टेकवत येत होते. कॅन हिंदकळत होते. मला बघून हसले.

"आण्णा, हे असं कशाला? एखाद्या दिवशी पाणी वाढलं तर?"

"मग काय करू? म्हशीला सांगू, आज पूर हाय, पान्हा सोडू नगो?"

परशरामला हसू आवरेना. मीही हसले, खोटं का बोलू.

"गावची माणसं वाट बगत्यात," आण्णा म्हणाले. "दहा घरचं दूध हाय ह्यात. वळसा घालून निऊस्तवर नासतंय. आमाला पाय टाकला की कळतंय, खाली दगुड हाय का न्हाय. लहानपनापास्नंची वाट." मग लगेच, "पंचमीला येणार हाईत पोरं. आदल्या दिशी. लाह्या करून ठेवल्यात घरात."

"वळसा घालून यायला सांगा हो त्यांना."

"सांगिटलंय की. पाणी असंल तर वळसा घाला म्हणून. बाई सांगल त्येस्नी."

आपल्या मनासारखं उत्तर मिळाल्यावर माणूस पुढे विचारत नाही. मला ते उत्तर तेव्हा बरं वाटलं. बाई सांगेल. बंद असेल तर बाई सांगणारच होती, तेच तर तिचं काम.

पंचमीच्या दोन दिवस आधी बंधारा पाण्याखाली गेला. मी बंद केला. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी जांबोटीच्या बाजूला टेस्टवर गेले. त्या रानात फोनला रेंज नसते. तिकडच्या कामात ते नेहमीचं असतं. बाहेर येईपर्यंत दुपार उलटली होती. रेंज आली आणि फोन वाजतच राहिला. पावसाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ होता. बंधाऱ्याच्या काठावर माणसं, छत्र्या, दोर. पाण्याच्या मधोमध काहीच नव्हतं. खाली कोणीतरी लिहिलं होतं, पुण्याची गाडी.

परशरामने गाडी बाजूला घेतली. मी लॅपटॉप उघडला. बंधारा चालू होता. मी तो बंद केला. तेव्हा त्याचा काय उपयोग होता, पण हात तेच करत होते.

सकाळी पाणी थोडं उतरलं होतं. वरच्या बाजूला, घाटात, रात्रभर पाऊस पडला होता आणि ते पाणी दुपारी खाली पोचलं. गाडी स्लॅबच्या मध्यापर्यंत गेली. मग मागचं चाक सरकलं. वैशालीच्या बाजूची काच उघडी होती. गावातल्या दोघा भोयांनी तिला खालच्या बाजूला झुडपात अडकलेली ओढून काढली. सागर दुसऱ्या दिवशी सापडला.

रात्री अभिजित सरांचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"सकाळी एकच टू-व्हीलर गेली आणि आली. त्यावर उघडला. तू सांगितलं होतंस."

सांगितलं होतं हे खरं होतं, आणि त्याने काही झालं नव्हतं.

"ऐक. आता लीगल डिपार्टमेंट बघतंय. कोणाशी काहीही बोलायचं नाही. आठवड्याने तू साइटवर जा. फोटो, रुंदी, कडा, काय बोर्ड आहेत-नाहीत, एवढं घेऊन ये. गावात कोणी विचारलं तर माहिती नाही म्हणायचं. कबूल तर काहीच करायचं नाही."

गेले. फोटो घेतले, टेपने रुंदी मोजली. पाणी ओसरलं होतं, स्लॅबवर चिखल आणि उसाचं पाचट अडकलेलं होतं. काम संपल्यावर परशराम गाडी वळवायला लागला. मी म्हटलं, "गावात घे."

"नगो, मॅडम."

"घे म्हणते ना."

आण्णांच्या दारात माणसं बसली होती. आण्णा भिंतीला टेकून. मला ओळखलं त्यांनी. "या, आक्का," म्हणाले आणि घरात बघून चहा ठेवायला सांगितलं. दुःखाच्या घरी चहा विचारत नाहीत आमच्याकडे. पण लांबून आलेल्या माणसाला पाणी-चहा न देता पाठवायची आण्णांना सवय नसावी.

वैशाली आतल्या दाराशी बसली होती. वीस-बावीसची पोर. हाताला खरचटल्याच्या खपल्या. तिला कोणीतरी सांगितलं, त्या नकाशावाल्या बाई. ती माझ्याकडे न बघता बोलली.

"सकाळी निघालो तवा लांबची वाट दावत हुतं. त्यानी म्हणाले, बंद दिसतोय, वळसाच घालूया. मग कागलात च्याला थांबलो. परत गाडीत बसलो तर वाट बदलली. बाई म्हणाली, जवळचा रस्ता मिळाला. त्यानी हसले. म्हणाले, मामांचा बंधारा चालू झाला बघ, आता तासाभरात पोचतोय. पाणी दिसत हुतं समोर. मी म्हणलं, नगो. त्यानी म्हणाले, थोडंच हाय. बंद असतं तर ह्यात दावलं नसतं."

आण्णा मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी हे बऱ्याच वेळा ऐकलं असणार. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी सकाळी तितनंच गेलतो, आक्का. दूध घिऊन. मी एकटाच गेलतो त्या दिशी, बाकीची पोरं भिऊन आली न्हाईत. पंचमीचं दूध, लोक वाट बगत्यात, म्हणून गेलतो. पाणी पोटरीच्या वर न्हवतं. दुपारचं वाढलं." त्यांच्या हाताची बोटं टॉवेलचं टोक पिळत होती. "मला एक सांगा. तुमी ह्यातल्या हाईसा. सकाळी बंद हुता त्यो रस्ता. मग चालू हाय म्हणून कुणी सांगिटलं?"

दारातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. एका पोराने फोन वर धरला होता, ते मला दिसलं.

माझ्याकडे तीन उत्तरं होती. माहिती नाही, हे कंपनीचं. सिस्टीमने उघडला, हे खरं. आणि सिस्टीमने कोणाला बघून उघडला, हे त्याच्या पुढचं खरं. दुसरं उत्तर दिलं असतं, तर आण्णांनी पुढचा प्रश्न विचारलाच असता. म्हशीच्या धारेपासून डेअरीच्या काट्यापर्यंत सगळं विचारून घेणारा माणूस तो. मी त्या वेळी फार विचार केला असं नाही. समोर तो बाप होता, मागे ती पोर होती, आणि त्या घरात त्या दोघांना यापुढे एकमेकांचं तोंड बघत जगायचं होतं.

"आम्ही सांगितलं, आण्णा," मी म्हटलं. "कंपनीनं. चूक आमची झाली."

आतून एक बाई चहाचा कप घेऊन आली. आण्णांनी तिच्या हातून तो घेतला, उठले, आणि अंगणाच्या कडेला ओतून दिला.

"उठा," ते म्हणाले. "माझ्या दारात परत येऊ नगासा."

मी उठले. बाहेर कोणीतरी गाडीच्या बॉनेटवर जोरात थाप मारली, कोणी शिवी दिली. परशरामने खाली मान घालून गाडी काढली. आम्ही हायवेला लागलो. मग मी रडले. चांगली यमकनमर्डी येईपर्यंत रडले. परशरामने नेव्हिगेशन बंद करून टाकलं होतं. घरी जायला आम्हाला ते लागत नव्हतं.

व्हिडिओ दुसऱ्याच दिवशी पुण्याला पोचला. सर या वेळी ओरडले.

"कबूल करायचं नाही असं स्पष्ट सांगितलं होतं! 'चूक आमची झाली' काय? कोर्टात जाईल हे."

"चूक आपलीच आहे, सर. मी मेल केले होते."

"ते आतलं होतं! निदान सिस्टीमने उघडला म्हणायचं होतंस. त्यात खोटं काय होतं?"

"सिस्टीमने कोणाला बघून उघडला, हे त्यांनी विचारलं असतं तर काय सांगू?"

"म्हणजे?"

"ती टू-व्हीलर त्यांचीच होती."

सर एवढंच म्हणाले, "अरे देवा." आणि मग, जरा वेळाने, नोकरीतला माणूस परत जागा झाला. "हे कुठे बोलू नकोस. आपल्या बाजूने वापरता येईल, असं लीगल म्हणेल."

"म्हणूनच मी ते फोनवर सांगतेय. लिहून देणार नाही. आणि तुम्हीही देऊ नका."

त्यांनी दिलं नाही. एवढं मी त्यांच्या पदरात घालते. माझं कॉन्ट्रॅक्ट मात्र त्या महिन्यात संपलं. वाढवलं नाही, असं पत्रात होतं. परशरामने लगेच दुसरी गाडी धरली, शाळेची. त्यात बाई नाही, असं तो सगळ्यांना खुशीने सांगतो.

रूल बदलला. पाण्यावरच्या रस्त्याला आता मोटरसायकल उघडू शकत नाही, देशभर कुठेही नाही. जे मे महिन्यात एका बंधाऱ्यासाठी करता येत नव्हतं, ते ऑगस्टमध्ये दोन दिवसांत सगळ्यांसाठी झालं. आमचा बंधारा तर त्यांनी नकाशावरून पुसूनच टाकला, बाराही महिने. उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा असतो तेव्हाही नाही. त्या गावाला जायचं तर बाई आता सगळ्यांना वळसाच सांगते. ॲम्ब्युलन्सलाही. गाव नकाशातून बंद होईल ही आण्णांची भीती अशी खरी झाली, आणि त्याबद्दल तक्रार करायला आता त्या घरात कोणात त्राण नाही.

आण्णा अजून दूध घालतात. परशरामला मध्यंतरी दिसले, बंधाऱ्यावरूनच जाताना. दुसरी वाट आहे कुठे, दूध नासण्याआधी पोचायला? वैशाली माहेरीच असते. कंपनीने माझा जावई खाल्ला, असं आण्णा भेटेल त्याला सांगतात, आणि त्यात माझंही नाव घेतात, नकाशावाली बाई म्हणून. निपाणीच्या बाजारात मला एकदोघांनी ओळखलं. एकाने तोंड फिरवलं. त्याला मी काय सांगणार? आण्णांना कोणावर तरी रागवायला हवं होतं, आणि मी सोयीची होते.

आता मी बेळगावातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये सर्व्हेच्या पोरांना शिकवते. नेव्हिगेशन तपासायचं कसं, यावर माझं एक लेक्चर असतं. पोरं ठिपके, सॅटेलाइट, अचूकता यांची प्रश्नावली घेऊन येतात. मी त्यांना सांगते, रस्त्यावरून कोणी गेलं म्हणून रस्ता पास करू नका. तो का गेला, ते विचारा. ठिपका ते सांगत नाही. त्यासाठी गाडीतून खाली उतरावं लागतं. उतरल्यावर जे कळेल ते वर कळवा. आणि वरचे ऐकतीलच, असं धरून चालू नका.